दून खोऱ्यातील खाणी आणि आमचा माळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी ज्यांनी आपले विचार मांडले त्यांत एक निवृत्त सेनाधिकारी होते, एक संगीतज्ञ होते आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पंक्तीस आमच्यासारख्या एका सरकारी कारकुनी परंपरेतील माणसाचे पान मांडण्याचे धाडस चिटणीसांनी का केले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. आमची पदवी बी. ए. ची, विषय इतिहास व अर्थशास्त्र. भूगर्भशास्त्राचे पुस्तक आम्ही महाविद्यालयात उघडले नाही. तथापि नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत धनबाद येथील एका केंद्रीय कार्यालयात खाणींविषयीच्या फायली आमच्या टेबलावरून जात असत, आणि पुढे दोन वेळा या देहरादून शहरी बदली होऊन आल्यावर, त्या फायलींतील शब्दांचे अर्थ समोरच्या डोंगरावर प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द बोलत आहोत.

विषय आम्ही निवडला त्यास एक घरगुती कारणही आहे, व ते लपविण्याचे प्रयोजन नाही. गेल्या दिवाळीनंतर आमच्या धाकट्या चुलतबंधूने सातारा जिल्ह्यातील गावाहून मोबाइलवर सात-बाराचा उतारा आणि एका कराराचा मसुदा धाडला. गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण होणार आहे. त्यास खडी लागणार, व खडीसाठी आमच्या आजोबांच्या वेळेपासून पडून असलेला चार एकरांचा माळ एका ठेकेदारास हवा आहे. उताऱ्यावर चौघांची नावे आहेत. तिघांची संमती झाली. चुलतबंधूने खाली लिहिले होते, "दादा, तुमची सही तेवढी राहिली. तुम्ही परगावी, तुम्हांला त्या माळाचा उपयोग तो काय?"

प्रश्न रास्त होता. त्या माळावर कुसळाखेरीज काही उगवल्याचे आम्हांस आठवत नाही. ठेकेदार वर्षाकाठी जी रक्कम देऊ करतो, ती त्या माळाने तीन पिढ्यांत मिळून दिली नसेल. चुलतबंधूची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे, आणि त्याची शेती पावसावर अवलंबून आहे. असे असूनही सही करण्यास आमचा हात का धजला नाही, ते सांगावयाचे तर प्रथम या दून खोऱ्याची कथा सांगितली पाहिजे. आपल्यांपैकी जे येथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आले त्यांना ती ठाऊक असण्याचा संभव कमी आहे, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांतील बरेच जण आज आपल्यांत नाहीत.

मसुरीच्या डोंगरांत उत्तम प्रतीची चुनखडी आहे. पोलादाच्या भट्ट्यांना, साखर कारखान्यांना व रासायनिक उद्योगांना ती हवी असते. १९६२ च्या सुमारास येथे वीस-वीस वर्षांचे खाणपट्टे देण्यात आले, आणि राजपूर, सहस्रधारा व मसुरीच्या आसपासच्या उतारांवर सुरुंगांचे आवाज घुमू लागले. देहरादूनच्या बाजारात उभे राहून वर पाहिले की हिरव्या डोंगरावर कोडासारखे पांढरे चट्टे दिसत असत, असे आपल्या मंडळाचे एक दिवंगत सभासद सांगत. ते स्वतः त्या काळी एका खाणीत हिशेबनीस होते. त्यांच्या बोलण्यात खाणीविषयी द्वेष नव्हता. मीठ खाल्ले होते, ते ते विसरले नाहीत. परंतु पुढे जे घडले त्याचे वर्णनही ते तितक्याच निःपक्षपातीपणे करीत.

घडले ते असे. या खडकाचे दोन उपयोग आहेत. एक, फोडून ट्रकमध्ये भरणे. हा सर्वांना दिसतो. दुसरा दिसत नाही. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात. या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक तीन महिन्यांत. ते पाणी डोंगर स्पंजाप्रमाणे शोषून घेतो व उरलेल्या नऊ महिन्यांत झऱ्यांच्या रूपाने थोडेथोडे परत देतो. दूनचा बासमती आणि येथील लिची ज्या पाण्यावर पोसली, ते पाणी या डोंगराच्या पोटात साठविलेले असे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी केंद्र सरकारच्या पर्यावरण विभागासाठी वंदना शिवा व जयंत बंद्योपाध्याय यांनी या खोऱ्याचा जो अभ्यास केला, त्यातील मुख्य मुद्दा हाच होता की, या चुनखडीचे मोल तिच्या टनांवर न करता तिने साठविलेल्या पाण्यावर करावे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आम्हांस हा विचार फार मोलाचा वाटतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत खाणीच्या उत्पन्नाचा हिशेब होता. आटलेल्या झऱ्याचा रकाना मात्र कोठेही नव्हता.

आणि हानी केवळ खडक नेण्याने झाली नाही. किंबहुना अधिक हानी झाली ती न नेलेल्या मालाने. चांगला दगड निवडून घ्यावयाचा आणि माती, चुरा व निकस दगड यांचा ढिगारा उतारावरून खाली लोटून द्यावयाचा, ही रीत होती; कारण तीत खर्च काहीच नव्हता. पावसाळ्यात तो ढिगारा वाहत जाई, ओढ्यांची पात्रे भरून येत आणि पाणी शेतांत शिरे. गावकऱ्यांचे कालवे, पाऊलवाटा व पाणचक्क्या त्याखाली गाडल्या जात. खाणमालकाच्या दृष्टीने तो ढिगारा नाहीसा झालेला असे, खालच्या गावाच्या दृष्टीने तो तेव्हा कोठे येऊन पोचलेला असे.

१९८२ मध्ये पट्ट्यांच्या मुदती संपत आल्या. तत्कालीन उत्तर प्रदेश सरकारने नूतनीकरण नाकारले, खाणमालक न्यायालयात गेले. दुसऱ्या बाजूने येथील 'रूरल लिटिगेशन अँड एंटायटलमेंट केंद्र' या संस्थेने जुलै १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयास एक पत्र पाठविले, आणि न्यायालयाने त्या साध्या पत्रासच अर्ज मानून सुनावणी सुरू केली. पर्यावरणाचा व विकासाचा तोल पाहण्याचे या प्रकारचे हे देशातील पहिलेच प्रकरण असल्याचे न्यायालयाने नमूद केले आहे.

येथे आपणा मराठी मंडळींस अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. खाणींची प्रत्यक्ष पाहणी करण्याकरिता न्यायालयाने जी समिती नेमली, तिचे प्रमुख श्री. डी. एन. भार्गव हे भारतीय खाण ब्यूरोचे महानियंत्रक होते, व या ब्यूरोचे मुख्यालय आपल्या नागपुरास आहे. समितीने सरसकट "बंद करा" असे म्हटले नाही व सरसकट "चालू द्या" असेही म्हटले नाही. प्रत्येक खाण पाहून तिने तीन वर्ग पाडले. 'अ' वर्गात ज्यांचा उपद्रव सर्वांत कमी, 'ब' मध्ये त्याहून अधिक, आणि 'क' मध्ये ज्यांना सुधारणेची आशा नाही अशा. १२ मार्च १९८५ रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने 'क' वर्गातील खाणी कायमच्या बंद करण्याचा आदेश दिला, आणि 'ब' वर्गातील व मसुरी नगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या 'अ' वर्गातील खाणी पुढील तपासणीसाठी थांबविल्या. अखेर ३० ऑगस्ट १९८८ च्या निकालाने, तीन खाणी वगळता, या पट्ट्यातील चुनखडीचे उत्खनन बंद झाले.

न्यायालयाबाहेरही झगडा चालूच होता. सिंस्यारू खाल्याच्या भागातील नाही-कला गावच्या स्त्रियांनी १९८६ मध्ये खाणीची वाट अडवून धरली. इतवारी देवी नावाची एक वृद्ध ग्रामीण स्त्री त्यांत अग्रभागी होती. तिला निकालातील वर्गवारी माहीत असण्याचे कारण नव्हते. आपला झरा पूर्वी किती वाहत असे व आता किती वाहतो, एवढे तिला पक्के माहीत होते.

आमच्या त्या दिवंगत सभासदांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो, कारण ती निकालपत्रांच्या चर्चेत सहसा येत नाही. १९८५ च्या आदेशानंतर त्यांच्या खाणीतील मजूर बोचकी बांधून निघाले. त्यांत नेपाळमधून आलेले होते, बिहारचे होते. शेवटचा पगार वाटताना एका मजुराने त्यांना विचारले, "बाबूजी, आता डोंगर वाचला, आम्ही कोठे जावे?" न्यायालयाने हे ध्यानी घेतले नव्हते असे नाही. या मजुरांना शक्य तेथवर वृक्षलागवडीच्या व मृदसंधारणाच्या कामावर घ्यावे, असे त्याच आदेशात म्हटले आहे. परंतु आदेश निघणे आणि मजुराच्या हाती कुदळ व रोजी पडणे यांत किती टेबले असतात, हे आमच्यासारख्या सरकारी माणसाने आपणांस सांगावयास नको. खाण प्रथमपासून शिस्तीने चालविली असती तर ती बंद करण्याची वेळ आली नसती, आणि हे लोक देशोधडीस लागले नसते, असे ते सभासद म्हणत. आमचेही मत तेच आहे.

ही शिस्त म्हणजे नेमके काय? धनबादच्या दिवसांत अपघातांच्या चौकशीचे अहवाल आम्ही टंकलेखनानंतर ताडून पाहत असू. उघड्या दगडखाणीतील मृत्यूंची कारणे वाचून वाचून पाठ झाली होती: कडा ढासळली, वरून दगड सुटला, न उडालेल्या सुरुंगावर पहार पडली. सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, यांतील जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळण्याचा उपाय नियमात आधीच छापलेला असे. १९६१ च्या धातुखाण विनियमांत म्हटले होते की, हाताने काम चालते तेथे उतारावर पायऱ्या पाडाव्यात, पायरीची उंची सहा मीटरांहून अधिक नसावी व रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. कडेपासून तीन मीटरांच्या आत झाड, सुटा दगड वा ढिगारा राहू देऊ नये. खालून पोखरून वरचा भाग पाडू नये. हे तीन नियम कळावयास पदवी लागत नाही. ते पाळले मात्र जात नाहीत, याचेही कारण सोपे आहे. वरून पायऱ्या पाडीत यावयाचे तर पहिले काही महिने मातीच काढावी लागते, विकावयास दगड मिळत नाही. खालून पोखरले तर पहिल्या दिवसापासून ट्रक भरतो.

सुरुंगाचीही गोष्ट तशीच. सर्व भोके एकाच क्षणी उडविली तर आवाज मोठा, धक्का मोठा आणि दगड लांबवर उडतात. तीच दारू हजारांश सेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने उडविली, तर दगड तितकाच फुटतो आणि जमीन कमी हादरते. सुरुंगाच्या वेळी ३०० मीटरांच्या परिसरातून माणसे हलवावीत, भोंगा वाजवावा, वाटांवर पहारेकरी उभे करावेत, असा नियम होता. घरांना तडे जाऊ नयेत म्हणून जमिनीच्या कंपनाच्या मर्यादाही १९९७ च्या एका परिपत्रकाने ठरवून दिल्या. साध्या घरांसाठी कंपन अगदी मंद लयीचे असेल तर सेकंदास पाच मिलिमीटर, व लय वाढेल तसे दहा आणि पंधरा. मातीत बांधलेल्या आपल्याकडच्या घरांच्या भिंतींनी हे परिपत्रक वाचलेले नसते, म्हणून ठेकेदाराने ते वाचणे अगत्याचे आहे.

धुळीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ती सुरुंगासारखी आवाज करीत नाही. दगडात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, अंश जितका अधिक तितकी त्याची धूळ घातक. पाच मायक्रॉनहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत व थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तेथे जो व्रण होतो तो भरून येत नाही. राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणींत हा सिलिकोसिस इतका माजला की, त्या राज्याच्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले. कित्येकांना तो क्षय समजून वर्षानुवर्षे क्षयाची औषधे दिली जात असत. आपला दख्खनचा काळा दगड व येथील चुनखडी यांत सिलिकाचा धोका वालुकाश्माहून पुष्कळ कमी आहे, हे खरे. पण क्रशरपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या छातीस कोणतीच धूळ मानवत नाही. उपाय जुनाच आहे, आणि तो म्हणजे पाणी. भोक पाडताना पाणी सोडावयाचे, क्रशरच्या तोंडावर फवारा ठेवावयाचा, रस्त्यावर दिवसातून तीन वेळा टँकर फिरवावयाचा, ट्रकवर ताडपत्री बांधावयाची. तोंडाला फडके बांधणे हा उपाय नव्हे. त्या फडक्यातून बारीक कण सुखेनैव जातात.

आता एक आशेची बाब. बंद झालेल्या खाणींचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. या शहरात ते पाहावयास मिळते. १ डिसेंबर १९८२ रोजी, म्हणजे निकालापूर्वीच, गढवाल रायफल्सशी संलग्न अशी १२७ वी प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन येथे उभी राहिली. निवृत्त सैनिक पुन्हा गणवेश चढवून मसुरीच्या उघड्या डोंगरांवर रोपे लावू लागले. आपल्या मंडळातील काही कुटुंबांच्या ओळखीचे जवान त्यांत होते.

दुसरा प्रयोग सहस्रधारेचा. येथील मृद व जलसंधारण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील एका सोडून दिलेल्या चुनखडीच्या खाणीचे ६४ हेक्टरांचे पाणलोट क्षेत्र १९८४ पासून हाती घेतले. आम्ही पहिल्या बदलीच्या वेळी मुलांना घेऊन सहस्रधारेस गेलो असता एका वृद्ध तंत्रसाहाय्यकाने आम्हांस तो सारा डोंगर पायी दाखविला. त्यांची रीत अशी होती: प्रथम झाड लावावयाचे नाही. झाड मुळे धरील तोवर खालची जमीनच जागेवर राहत नाही. म्हणून आधी ओघळींत तारेच्या जाळीत दगड भरून बांध घालावयाचे, उतारावर आडवे चर व काटक्यांचे अडसर रचावयाचे. मग गवत. मग निर्गुडी, कास आणि ज्याला आपल्याकडे बेशरम म्हणतात ते झुडूप; कोठेही तग धरण्याचा त्याचा निर्लज्जपणा तेथे मोठा गुण ठरला. आणि सरतेशेवटी खैर, शिसू, सुबाभूळ. दहा-बारा वर्षांनी त्यांनी मोजमाप मांडले. पूर्वी त्या उतारावरून वर्षाकाठी हेक्टरी ५५० टन गाळ-दगड वाहून जात असे, तो ८ टनांवर आला. वनस्पतींचे आच्छादन १० टक्के होते ते ८० टक्के झाले. आणि जी संख्या आम्ही कधी विसरणार नाही ती ही: पावसाळ्यानंतर त्या ओढ्यात पाणी ६० दिवस टिकत असे, ते २४० दिवस टिकू लागले.

६० वरून २४०. इतवारी देवीचा रकाना कोणीतरी अखेर मांडला होता.

श्रोतेहो, हे सर्व सांगून आम्ही खाणींच्या विरुद्ध आहोत असा आपला समज होऊ नये. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत त्याच्या छतातील गिट्टी आकाशातून पडलेली नाही. आपल्या वर्गणीतूनच ती कोणत्या तरी नदीच्या पात्रातून वा डोंगराच्या कुशीतून येथे आली. घर सर्वांनाच हवे असते, रस्ता सर्वांनाच हवा असतो. खाण आपल्या गावात नसावी, एवढेच प्रत्येकास वाटते.

आमच्या गावात मात्र खाण पूर्वीही होती. माळाच्या पायथ्याशी, जुन्या रस्त्याच्या कडेला, आमच्या लहानपणी वडारांची पाले पडत. सुतकीचे घाव सकाळपासून ऐकू येत. बाया मांडीशी मूल घेऊन खडी फोडीत असत. कोणा ठेकेदारासाठी ते काम चाले ते त्या लोकांनाही धड सांगता आले नसते. रस्ता झाला, पाले उठली, आणि मागे एक खोल चौकोनी खड्डा राहिला. त्यास ना कुंपण होते, ना उतार. पावसाळ्यात तो तुडुंब भरे व त्याचे पाणी हिरवे, सुंदर दिसे. १९८० च्या श्रावणात आमच्याच वर्गातील एक मुलगा म्हशी धुण्यास म्हणून तेथे उतरला. कडा सरळ तोडलेली असल्यामुळे त्याला पाय टेकण्यास जागाच मिळाली नाही. आम्ही चौघे वर उभे होतो, आम्हांस पोहता येत नव्हते. त्याचे वडील शेतातून धावत आले तेव्हा पाणी पुन्हा स्थिर झाले होते. पुढे कोणाची चौकशी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९५२ च्या खाण कायद्यात इमारतीच्या व रस्त्याच्या दगडाच्या लहान खाणींना बऱ्याच कलमांतून सूट होती: खोली सहा मीटरांच्या आत असेल, माणसे पन्नासाहून अधिक नसतील व स्फोटके वापरली जात नसतील तर. तो खड्डा या सवलतीत बसत होता की काय, हे आम्ही धनबादला असताना एका रात्री कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले होते. उत्तर काही असो, एक तारेचे कुंपण आणि एका बाजूस उतरता काठ, एवढा खर्च कोणीही केला नव्हता.

म्हणून चुलतबंधूस आम्ही नकार कळविला नाही, पण सहीही केली नाही. मसुद्याच्या मागील बाजूस आमच्या अटी लिहून धाडल्या. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरणाची पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली; तेव्हा ती मंजुरी प्रथम पाहू, मग सही करू, असे लिहिले. माळाच्या चारी बाजूंनी साडेसात मीटरांचा पट्टा अस्पर्शित ठेवावा व त्यात खाण सुरू होण्यापूर्वीच्या पावसाळ्यात झाडे लावावीत. वरची माती, ती वीतभर का असेना, वेगळी रचून ठेवावी, कारण शेवटी तीच परत पसरावयाची आहे. काम वरून खाली, पायऱ्यांनीच व्हावे. पावसाचे पाणी खाणीतून थेट ओढ्यात न जाता दोन टाक्यांत निवळून जावे. वस्तीतील प्रत्येक घराच्या भिंतींची छायाचित्रे पहिल्या सुरुंगापूर्वी काढून ग्रामपंचायतीत ठेवावीत, म्हणजे तडा जुना की नवा हा वाद पुढे होणार नाही. मजुरांची छातीची तपासणी कामावर घेताना व्हावी आणि तिचा कागद मजुराच्या हाती द्यावा. काम संपताच कुंपण राहावे आणि खड्ड्याचा निदान एक काठ गुरांना व मुलांना चढून येता येईल असा उतरता करून द्यावा. ही शेवटची अट पुरी होईपर्यंत ठरावीक रक्कम आमच्या चौघांच्या व ठेकेदाराच्या संयुक्त खात्यात अडकून राहावी.

ठेकेदाराने, चुलतबंधू सांगतो, सर्व अटी हसून मान्य केल्या. फक्त ही शेवटची सोडून. त्यावर त्याचे म्हणणे असे की, जिल्ह्यात असा करार कोणी करीत नाही, आणि पलीकडच्या गावचा माळ त्यास बिनअट मिळत आहे. चुलतबंधूने आम्हांस फोनवर थोड्या तिखट शब्दांत विचारले, "दादा, तुम्ही दर महिन्यास पगार घेता. आम्ही अटींवर भाकरी भाजायची का?" आमच्याजवळ त्यास उत्तर नव्हते. त्याच्या मुलीच्या शुल्काचा एक हप्ता आम्ही भरला, पण तो काही उत्तर नव्हे, हे त्यालाही कळते व आम्हांसही.

मग फोन काकूंनी घेतला. काकू चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. त्यांनी खाणीविषयी एकच प्रश्न विचारला, "विहिरीचं पाणी जाईल का रे?" माळाच्या उताराखाली आमची व शेजाऱ्यांची अशा दोन विहिरी आहेत. आपल्या काळ्या दगडात चुनखडीसारख्या पोकळ्या नसतात. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि थराथरांमधील सांध्यांत. खाण त्या सांध्याच्या वर थांबली तर पाण्यास धक्का नाही. खाली उतरली तर विहिरीचे पाणी खाणीत येईल, व ठेकेदार ते पंपाने उपसून ओढ्यात सोडील. सांधा किती खोलीवर आहे, ते पुस्तकात लिहिलेले नसते. ते भर उन्हाळ्यात विहिरीत दोर सोडून मोजावे लागते, आणि खाणीची खोली त्या मापाच्या वर बांधून घ्यावी लागते.

काकूंना आम्ही एवढेच म्हणालो की, मे महिन्यात येतो आणि बघून सांगतो. रजा मंजूर झाली आहे. मृदसंधारण संस्थेतील आमच्या एका स्नेह्याने तीस मीटरांची फीत आणि तिच्या टोकास बांधावयाचे शिशाचे वजन दिले आहे. चुलतबंधू म्हणतो, दोन्ही विहिरींचे माप तो आमच्याबरोबर घेईल, ठेकेदारासही त्या दिवशी बोलावील. मसुदा तोपर्यंत आमच्या टेबलाच्या खणात आहे.